साक्षीदाराचे भय आणि सावजाचे भय

हातमोजे घातलेला हात, त्या हातातील धारदार शस्त्र, काळोखात एकटी सापडलेली व्यक्ती आणि एकामागून एक पडत जाणारे मुडदे, एवढ्याच सामग्रीवर ज्यांची उभारणी झाली आहे असे दोन चित्रपटप्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत उदयास आले, भरभराटले आणि टीकाकारांच्या रोषासही सारखेच पात्र ठरले. त्यांपैकी पहिला इटलीतील ‘जाल्लो’ आणि दुसरा अमेरिका व कॅनडा या देशांत वाढलेला ‘स्लॅशर’. दोहोंतील बाह्य साम्य इतके ठळक आहे, की पुष्कळ रसिक, आणि काही समीक्षकसुद्धा, जाल्लोला स्लॅशरचा जनक ठरवितात, आणि वंशावळीचा हा दाखला एकदा हाती पडला म्हणजे अधिक विचार करण्याचे कारण उरले नाही असे मानतात. या दाखल्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. जाल्लोतील भय हे, ज्याने काही तरी पाहिले आहे पण आपण नेमके काय पाहिले याचा ज्याला उलगडा होत नाही, अशा साक्षीदाराचे भय आहे. स्लॅशरमधील भय हे, ज्याच्यावर कोणाची तरी नजर खिळली आहे आणि ज्याला त्या नजरेचा पत्ता नाही, अशा सावजाचे भय आहे. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे दोन्ही प्रकारांतील छायाचित्रणाची, स्थळयोजनेची, संगीताची आणि शेवटाचीही पुष्कळशी कोडी सुटतात, अशी माझी धारणा आहे, आणि तिचेच विवेचन पुढे करावयाचे आहे.

इटालियन भाषेत जाल्लो म्हणजे पिवळा. १९२९ साली मिलान येथील मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने रहस्यकादंबऱ्यांची एक माला सुरू करून तिच्या पुस्तकांना पिवळी वेष्टने घातली, एस. एस. व्हॅन डाइन, एडगर वॉलेस, अगाथा ख्रिस्ती अशा इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकांची भाषांतरे या मालेतून घरोघर पोहोचली, आणि थोड्याच काळात रंगाचे नाव हेच रहस्यकथेचे नाव होऊन बसले. मुसोलिनीच्या राजवटीला ही पुस्तके रुचणे कठीणच होते. आपल्या शिस्तबद्ध राष्ट्रात खून पडतात आणि त्यांचा छडा कोणी तरी हौशी इसम लावतो, ही कल्पनाच त्या राजवटीच्या आत्मप्रतिमेला छेद देणारी होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ही माला बंद पडली ती युद्ध संपल्यावरच पुन्हा सुरू झाली. आजही इटलीत कोणत्याही रहस्यकथेस जाल्लो म्हणतात. इतर देशांत मात्र या नावाने इटलीत मुख्यत्वे १९६० ते १९८० या दोन दशकांत निघालेले, खून, कामवासना आणि विकृत स्मृती यांची गुंफण करणारे विशिष्ट चित्रपटच ओळखले जातात.

या चित्रपटांचा आद्य प्रवर्तक म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो तो मारिओ बावा हा मूळचा छायाचित्रकार. त्याचे वडील एउजेनिओ हे शिल्पकार आणि इटालियन चित्रसृष्टीच्या आरंभकाळातील चमत्कृतिदृश्यांचे कारागीर होते, आणि तुटपुंज्या साधनांतून विलक्षण परिणाम साधण्याची विद्या मारिओला वारसाहक्काने मिळाली होती. १९६३ साली त्याने दिग्दर्शित केलेल्या ‘द गर्ल हू न्यू टू मच’ या कृष्णधवल चित्रपटातील अमेरिकन नायिका रोमला येणाऱ्या विमानात रहस्यकादंबरी वाचत बसलेली दिसते, आणि रोममध्ये आल्यावर लवकरच, प्रवाशांच्या गर्दीने नेहमी फुललेल्या स्पॅनिश पायऱ्यांवर, ऐन रात्री तिच्या डोळ्यांदेखत एका स्त्रीचा खून होतो. तिची जबानी मात्र कोणी खरी मानीत नाही. परकी व्यक्ती, आकस्मिक दर्शन आणि अविश्वसनीय ठरलेली साक्ष, ही जाल्लोची त्रिसूत्री या पहिल्याच कृतीत सिद्ध झालेली दिसते.

पुढच्याच वर्षी, १९६४ साली, बावाने ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ हा चित्रपट रंगांत काढला आणि या प्रकाराला त्याचे दृश्यरूप दिले. रोममधील एका श्रीमंती पोशाखगृहातील तरुणी एकेक करून मारल्या जातात. मृत तरुणींपैकी एकीच्या रोजनिशीत अनेकांची गुपिते नोंदलेली असल्यामुळे त्या गृहातील जवळजवळ प्रत्येक माणसाला तिचे भय वाटते. आणि खुनी येतो तो काळा कोट, काळी टोपी, काळे हातमोजे आणि नाकडोळ्यांचा मागमूस नसलेला पांढरा मुखवटा धारण करून. श्रेयनामावलीच्या वेळी नटनट्या पोशाखगृहातील पुतळ्यांसारख्या निश्चल उभ्या असतात, आणि पुढे लाल, जांभळ्या व हिरव्या प्रकाशाने न्हालेल्या दालनांतून हिंडताना जिवंत माणूस कोणता आणि पुतळा कोणता हा संभ्रम प्रेक्षकाच्या मनात टिकून राहतो. खुनाचा हेतू अगदी व्यावहारिक, पैशाचा आणि बेअब्रूच्या भीतीचा आहे. पण त्याचे चित्रण इतके अलंकृत आहे, की सौंदर्याचा उपभोग घेणारी दृष्टी आणि प्राण घेणारी दृष्टी यांत अंतर किती थोडे आहे, हा अस्वस्थ करणारा प्रश्न तेथे प्रथमच स्पष्टपणे उभा राहतो.

बावाने घातलेल्या पायावर ज्याने कळस चढविला तो दारिओ अर्जेन्तो. रोममधील ‘पाएसे सेरा’ या वृत्तपत्रात चित्रपटसमीक्षा लिहिणाऱ्या या तरुणाने बर्नार्डो बर्टोलुची आणि सर्जिओ लिओने यांच्यासमवेत ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ या १९६८ सालच्या चित्रपटाची कथा रचली होती, आणि १९७० साली, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, त्याने ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ हा आपला पहिला चित्रपट सादर केला. निर्माता त्याचे वडील साल्वातोरे, छायाचित्रकार विट्टोरिओ स्तोरारो आणि संगीतकार एन्निओ मोरिकोने, असा दुर्मीळ योग त्याच्या वाट्याला आला होता. रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक मायदेशी परतण्याच्या बेतात असता रात्री एका कलादालनावरून जातो, आणि आतल्या झगझगीत पांढऱ्या प्रकाशात एक स्त्री व काळ्या कोटातील एक व्यक्ती यांची सुरीवरून चाललेली झटापट त्याच्या दृष्टीस पडते. तो मदतीस धावतो, पण दालनाच्या दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो; पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही, त्याचा आवाज बाहेर पोहोचत नाही आणि आतला आवाज त्याला ऐकू येत नाही. समोर रक्तबंबाळ झालेली स्त्री हात पसरून जमिनीवर सरपटते आहे आणि तो पाहतो आहे.

चित्रपटगृहातील प्रेक्षकाचीही अवस्था याहून वेगळी नसते. त्यालाही सर्व दिसते आणि त्याच्याने काहीच करवत नाही. अर्जेन्तोच्या प्रतिभेची खूण अशी, की त्याने हे असाहाय्य पाहणे हीच कथेची मध्यवर्ती घटना केली. पोलीस अंमलदार लेखकाचे पारपत्र जप्त करतात, तो शहरात अडकतो, आणि रात्रंदिवस तेच दृश्य आठवून आठवून आपल्या स्मृतीचा पंचनामा करीत राहतो. कारण त्या दृश्यात काही तरी विसंगत होते, एवढीच जाणीव त्याला छळते आहे. उत्तर शेवटी मिळते, आणि ते कोणत्याही नव्या पुराव्यातून येत नाही. आरंभी जे पाहिले होते त्याचाच अर्थ उलटा लावला गेला होता, हे तेव्हा कळते. ते उत्तर येथे सांगून टाकणे हा वाचकावर अन्याय होईल. इतकेच नमूद करतो, की प्रेक्षकाची जी फसगत होते ती दिग्दर्शकाने काही लपविल्यामुळे होत नाही, ती प्रेक्षकाच्या स्वतःच्या पूर्वग्रहांमुळे होते.

१९७५ सालच्या ‘डीप रेड’मध्ये, अर्थात मूळ इटालियन ‘प्रोफोन्दो रोस्सो’मध्ये, हेच सूत्र अधिक प्रगल्भ होऊन आले. त्यातील पियानोवादकाची भूमिका अर्जेन्तोने डेव्हिड हेमिंग्जला दिली, आणि ही निवड साभिप्राय होती. मिकेलान्जेलो अंतोनिओनीच्या १९६६ सालच्या ‘ब्लो-अप’मध्ये आपल्याच छायाचित्रात खून शोधू पाहणारा छायाचित्रकार याच नटाने रंगविला होता. तुरीन शहरातील एका भव्य आणि निर्जन चौकात उभा असता हा वादक वरच्या खिडकीत एका स्त्रीचा खून होताना पाहतो, धावत वर जातो, चित्रांनी भरलेल्या बोळातून घाईने पुढे सरकतो, आणि नंतर त्या बोळातील एखादे चित्र नाहीसे झाले आहे की काय, ही शंका त्याची पाठ सोडीत नाही. विशेष हे, की जे त्याने पाहिले आणि ज्याचा त्याला बोध झाला नाही, ते क्षणभर आपल्यासमोरही आलेले असते. खुनी कोण याचे उत्तर दिग्दर्शक पहिल्या काही मिनिटांतच पडद्यावर ठेवतो आणि प्रेक्षकाच्या डोळ्यावर विसंबून निश्चिंत राहतो, कारण डोळा किती बेभरवशाचा साक्षीदार आहे हे त्याला पुरेपूर ठाऊक आहे.

अशा प्रकारची कथा इटलीतच आणि त्याच काळात का फोफावली, याची कारणे काही अंशी व्यावसायिक आहेत आणि काही अंशी ऐतिहासिक. हे चित्रपट बहुधा इटली, जर्मनी, फ्रान्स व स्पेन येथील भांडवलाच्या भागीदारीतून निघत आणि संवाद नंतर ध्वनिमुद्रित करण्याची तेथे रूढी असल्यामुळे निरनिराळ्या देशांचे नट आपापल्या भाषेत बोलून एकाच प्रसंगात वावरत. परदेशी नायक ही त्यामुळे सोयच होती, आणि या सोयीचेच पुढे सूत्र झाले. परंतु याहून खोल कारण त्या देशाच्या अनुभवात आहे. युद्धानंतरच्या आर्थिक भरभराटीने इटलीतील शहरांना वेगाने नवे रूप दिले. काचेची दालने, विमानतळ, उंची पोशाख आणि परदेशी मद्य यांचे वैभव ज्या मध्यमवर्गाच्या दारी आले त्याला ते हवेहवेसे वाटत होते आणि त्याचे भयही वाटत होते. त्यातच १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानमधील फोन्ताना चौकातील एका बँकेत बाँबस्फोट होऊन १७ माणसे प्राणास मुकली, संशयावरून पकडलेला एक अराजकवादी कामगार पोलीस कचेरीच्या खिडकीतून खाली पडून मरण पावला, आणि खरे गुन्हेगार कोण या प्रश्नाचा निकाल कित्येक वर्षे लागला नाही. अर्जेन्तोचा पहिला चित्रपट या घटनेतून उपजला असे नव्हे. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी तो ज्या प्रेक्षकांसमोर आला, त्यांचा सरकारी दफ्तरातील हकीकतीवरचा विश्वास डळमळलेला होता. पोलीस चुकीच्या माणसामागे लागतात आणि सत्य एखाद्या त्रयस्थालाच हुडकावे लागते, हा जाल्लोतील संकेत त्यांना केवळ कथेपुरता वाटला नसावा.

याच दृष्टीने लुचिओ फुल्चीचा १९७२ सालचा ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’ हा चित्रपट मला फार मोलाचा वाटतो. शहराचा झगमगाट सोडून तो दक्षिण इटलीतील एका दरिद्री खेड्यात जातो, जेथे लहान मुलांचे खून होत आहेत. गावाला शत्रू हवाच असतो, म्हणून जादूटोणा करणारी एक अर्धवट बाई गुन्हेगार ठरते, आणि पोलिसांनी निर्दोष म्हणून सोडून दिल्यावरही गावचे पुरुष तिला साखळ्यांनी मारून मृतप्राय करतात. ती सरपटत नव्या महामार्गाच्या कडेला पोहोचते आणि सुखवस्तू कुटुंबांच्या मोटारी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत निघून जातात. साक्षीदाराचे भय या प्रसंगी साक्षीदाराच्या अपराधात रूपांतरित होते, आणि या एका दृश्यासाठी फुल्चीचे नाव आदराने घ्यावे अशीच त्याची योग्यता आहे.

आता स्लॅशरकडे वळू. त्याच्या पूर्वपीठिकेत १९६० सालच्या दोन चित्रपटांचे नाव निघते, हिचकॉकचा ‘सायको’ आणि मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’. पण ज्याला या प्रकाराची पहिली स्पष्ट आकृती म्हणता येईल तो बॉब क्लार्क याने १९७४ साली कॅनडात काढलेला ‘ब्लॅक ख्रिसमस’. नाताळच्या सुटीत विद्यार्थिनींच्या वसतिगृहात वारंवार बीभत्स दूरध्वनी येतात आणि अखेर कळते, की ते त्याच घरातून येत आहेत. खुनी कोण, त्याने हे का केले, यांचा उलगडा क्लार्क करीत नाही. किंबहुना तो न करण्यातच त्याचे नावीन्य आहे. जाल्लोतील सर्व धडपड ज्या प्रश्नासाठी चालते तो प्रश्नच येथे बाजूस सारला गेला, आणि त्याच्या जागी एकच साधे सत्य उरले: ज्या छपराखाली आपण निजलो आहोत त्याच छपराखाली तोही आहे.

या सत्याला शुद्ध रूप दिले जॉन कार्पेंटरने. १९७८ सालचा त्याचा ‘हॅलोवीन’ सुमारे सव्वातीन लाख डॉलरांच्या अल्प खर्चात तयार झाला आणि त्याने एकट्या अमेरिकेत पावणेपाच कोटींच्या आसपास उत्पन्न मिळविले. आरंभीच्या दीर्घ, अखंड वाटणाऱ्या दृश्यात आपण कोणाच्या तरी डोळ्यांनी एका घराभोवती फिरतो, आत शिरतो, सुरी उचलतो आणि एका तरुणीचा खून करतो. मग मुखवटा दूर होतो आणि ते डोळे सहा वर्षांच्या मुलाचे होते हे उघड होते. पंधरा वर्षांनी तो मुलगा वेड्यांच्या इस्पितळातून पळून आपल्या गावी येतो. त्याचा मुखवटा बाजारात मिळणाऱ्या, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कप्तान कर्कच्या मुखवट्याला पांढरा रंग देऊन बनविलेला होता, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर कोणताही हेतू वाचता येत नाही. श्रेयनामावलीतसुद्धा त्याला नाव न देता केवळ ‘आकृती’ म्हटले आहे. रुंद पडद्याच्या एका कडेला, कुंपणाआड, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे तो उभा असतो, भर दिवसा, झाडांनी आच्छादलेल्या शांत रस्त्यावर; नायिकेला तो दिसला न दिसला असे होते, आणि आपण मात्र पडद्याचा प्रत्येक रिकामा कोपरा धास्तावून न्याहाळू लागतो.

येथे जाल्लो आणि स्लॅशर यांतील मूलभूत अंतर स्पष्ट होते. जाल्लोत पडदा तपशिलांनी भरलेला असतो, चित्रे, आरसे, रंगीत काचा आणि जिने यांची तेथे दाटी असते, आणि त्या दाटीत सत्य हरवते; कार्पेंटरच्या चित्रपटात पडदा रिकामा असतो, आणि त्या रिकामेपणातून संकट प्रकट होते. जाल्लोतील संगीत, मग ते मोरिकोनेने योजलेले शब्दहीन कुजबुजते स्त्रीस्वर असोत वा ‘डीप रेड’मधील बालगीत असो, एखाद्या विसरलेल्या प्रसंगाची आठवण करून देते, कार्पेंटरने स्वतः रचलेली पाच मात्रांची पियानोची आवर्तने कसलीच आठवण देत नाहीत, ती पाठलाग करतात. जाल्लोतील खुन्याला भूतकाळ असतो, बहुधा बालपणी वा तारुण्यात बसलेला एखादा आघात असतो, आणि शेवटी त्याची कैफियत ऐकविली जाते. स्लॅशरमधील खुन्याला फार तर एक दंतकथा असते.

शीर्षकांतही हा भेद उमटला आहे. अर्जेन्तोच्या यशानंतर इटलीत पक्षी, मांजर, माशा, सरडा, कोळी, इग्वाना अशा प्राण्यांची नावे धारण करणाऱ्या जाल्लोंची रीघ लागली. हे प्राणी कोड्यातील अक्षरांसारखे आहेत, आणि अर्जेन्तोच्या पहिल्या चित्रपटात तर दूरध्वनीवर ऐकू आलेली एका पक्ष्याची हाक हाच तपासातील दुवा ठरतो. अमेरिकन व कॅनेडियन चित्रपटांनी मात्र पंचांग हाती धरले: नाताळ, हॅलोवीन, तेरा तारखेचा शुक्रवार, व्हॅलेंटाइन दिन. कोडे एकदा सुटले की संपते, म्हणून जाल्लोतील खुनी सहसा दुसऱ्या चित्रपटात परतत नाही. तारीख मात्र दरवर्षी येते. ‘हॅलोवीन’च्या शेवटी सहा गोळ्या खाऊन सज्जावरून खाली पडलेली आकृती नाहीशी होते आणि आपल्याला एकामागून एक रिकाम्या खोल्या दिसतात, ज्यांत तिचा श्वास ऐकू येत राहतो. त्या श्वासावर पुढची चित्रमाला उभी राहिली. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या नावाचे तर १९८० ते १९८९ या अवधीत आठ चित्रपट निघाले.

वंशावळीच्या ज्या दाखल्याचा आरंभी उल्लेख केला, त्याची छाननी या ठिकाणी करणे उचित होईल. बावाने १९७१ साली काढलेल्या ‘अ बे ऑफ ब्लड’ या चित्रपटात एका उपसागराच्या किनाऱ्यावरील मालमत्तेसाठी तेरा खून पडतात. त्यांतील दोन खुनांची मांडणी १९८१ सालच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागात इतक्या तंतोतंत आढळते, की उसनवारीविषयी शंका घेण्यास जागा राहत नाही. परंतु नेमके काय उसने घेतले गेले, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. बावाच्या कथेचा गाभा वारसा, लोभ आणि कुटुंबातील विश्वासघात हा आहे. मौजेसाठी किनाऱ्यावर आलेली चार तरुण मुले या व्यवहाराशी कसलाही संबंध नसता मारली जातात, आणि तो प्रसंग मूळ कथानकात आनुषंगिक आहे. अमेरिकन निर्मात्यांनी नेमका हा आनुषंगिक प्रसंग उचलला आणि त्याचाच संपूर्ण चित्रपट केला. तीच गोष्ट सेर्जिओ मार्तीनोच्या १९७३ सालच्या ‘टॉर्सो’ची. पेरुजा येथील विद्यार्थिनींच्या खुनांच्या या कथेत शेवटच्या भागात पाय दुखावलेली एक तरुणी एकाकी बंगल्यात जागी होते, मैत्रिणी मरून पडल्या आहेत, खुनी घरातच आहे आणि तिच्या अस्तित्वाचा त्याला पत्ता नाही. बराच वेळ जवळजवळ शब्दांवाचून चालणारा हा भाग म्हणजे स्लॅशरच होय. अर्थात स्लॅशर जाल्लोतून आला तो अंशाचा पूर्ण होऊन आला: जाल्लोचे तपासप्रकरण गळाले आणि जिवंत राहण्याची धडपड तेवढी शिल्लक राहिली.

या धडपडीने एक अनपेक्षित फलही दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अध्यापिका कॅरल क्लोव्हर, ज्यांचा मूळ अभ्यासविषय मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्य हा होता, त्यांनी १९८७ साली एका निबंधात आणि पुढे १९९२ सालच्या ग्रंथात असे दाखविले, की स्लॅशरच्या आरंभी प्रेक्षक खुन्याच्या डोळ्यांनी पाहतो, पण शेवटाकडे येता येता त्याची दृष्टी अखेरपर्यंत टिकून राहणाऱ्या तरुणीच्या बाजूला सरकते, आणि मुख्यतः तरुण पुरुषांनी भरलेले चित्रपटगृह एका घाबरलेल्या पण हिकमती मुलीच्या जागी स्वतःला कल्पून तिच्या विजयाची वाट पाहते. ‘फायनल गर्ल’ ही त्यांची संज्ञा आज सर्वतोमुखी झाली आहे. जाल्लोत स्त्रीला स्मृती आहे, वासना आहे, कधी कधी खुन्याचा क्रूर अधिकारही आहे. पण स्वतःच्या बुद्धीने आणि हातांनी संकटातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीची प्रतिष्ठा तिला क्वचितच लाभली. रसिकतेच्या तराजूत हलक्या समजल्या गेलेल्या स्लॅशरने ती दिली, हे मान्य करणे न्यायाचे आहे.

तथापि दोन्ही प्रकारांवरील आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. स्त्रियांचे खून पुरुषांच्या खुनांपेक्षा अधिक वेळ, अधिक जवळून आणि अधिक चवीने दाखविले जातात, हे वास्तव आहे. अर्जेन्तोच्या चित्रपटांत खुन्याचे हातमोजे घातलेले हात पुष्कळदा स्वतः अर्जेन्तोचेच असत, ही सुप्रसिद्ध गोष्टही या संदर्भात विचारात पाडणारी आहे. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकांनी आपल्या दूरदर्शन कार्यक्रमाचा एक अख्खा भाग अशा चित्रपटांच्या निषेधार्थ खर्ची घातला. पण हेच ईबर्ट ‘हॅलोवीन’चे मनःपूर्वक प्रशंसक होते, आणि त्यांच्या या भूमिकेत विसंगती नाही. हिंसा दाखविणे आणि हिंसा विकणे यांतील भेद विषयावरून ठरत नाही, तो दृष्टीवरून ठरतो. ज्या चित्रपटात पाहणाऱ्याला आपल्या पाहण्याचा जाब द्यावा लागतो तो एका कोटीतला, आणि ज्यात मृत्यूंची केवळ मोजदाद होते तो दुसऱ्या कोटीतला. दोन्ही प्रकारांत दुसऱ्या कोटीतील माल विपुल निघाला आणि तो विस्मृतीत जाण्यास हरकत नाही.

या कसोटीवर पारखून पाहता माझा कौल जाल्लोच्या बाजूने पडतो. ‘हॅलोवीन’ची रचना निर्दोष आहे आणि भीतीची इतकी नितळ अनुभूती फार थोडे चित्रपट देतात, पण त्यातील दुष्टता बाहेरून येते, कुंपणाआड उभी राहते आणि दार बंद केले असता काही काळ तरी बाहेर राहते. ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ आणि ‘डीप रेड’ हे चित्रपट आपल्याला अशा जागी उभे करतात, की जेथे दार बंद करून उपयोग नाही, कारण चूक आपल्या नजरेत आणि आठवणीत वास करून आहे. आपण जे पाहिले तेच सत्य, ही प्रत्येक माणसाची निष्ठा असते. न्यायालयातील साक्षीपासून घरातील कलहापर्यंत आपला सारा व्यवहार तिच्यावर चालतो, आणि त्या निष्ठेचा पाया किती कच्चा आहे हे करमणुकीच्या चित्रपटाने दाखवून द्यावे, ही मोठीच कामगिरी होय.

ज्या प्रौढ वाचकांना या विषयाची जिज्ञासा असेल त्यांनी ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ आणि ‘हॅलोवीन’ हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत, अशी माझी विनंती आहे. मुलांना मात्र त्यांपासून दूरच ठेवावे. पहिल्याच्या आरंभीचे कलादालनातील दृश्य पाहून झाल्यावर आपण काय पाहिले ते कागदावर चार ओळींत लिहून ठेवावे, आणि चित्रपट संपल्यावर ती आपलीच जबानी पुन्हा वाचून पाहावी. जाल्लोविषयी मी येथे जे काही प्रतिपादन केले, त्याचा सर्वांत भक्कम पुरावा त्या चार ओळींत सापडेल.